नऊशे एकसष्ट

सरांची भाकरी डेसिकेटरमध्ये असायची. डेसिकेटर म्हणजे जाड काचेची, घट्ट झाकणाची बरणी. ज्या वस्तूंना ओल लागू द्यायची नाही त्या प्रयोगशाळेत तिच्यात ठेवतात. आमच्या फिजिक्स विभागात तिच्यात फडक्यात गुंडाळलेल्या दोन ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एखादा कांदा असायचा. एकदा विद्यापीठातून पाहणीला आलेल्या मंडळींपैकी कुणीतरी झाकण उघडलं आणि दचकून विचारलं, "हे काय?" सर म्हणाले, "सँपल."

ही गोष्ट मी रुजू झाले त्याच दिवशी सरांनी मला सांगितली, स्वतः अजिबात न हसता. मीही हसले नाही. हसायचं असतं की नसतं, तेच मला ठरवता आलं नाही. सरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ठीक हाये. घाई न्हाई."

मी जालन्याला टीचिंग फेलो म्हणून आले होते. नाव भारदस्त होतं. विद्यापीठाची एक योजना होती, तिच्यातून नुकत्याच एमएस्सी झालेल्या मुलामुलींना जिल्ह्याच्या कॉलेजांमध्ये एकेका वर्षासाठी नेमायचे. त्यांनी प्रॅक्टिकलच्या बॅचेस घ्यायच्या, जमलं तर थोडी लेक्चर्स. विभागप्रमुखांनी चांगलं पत्र दिलं तर पुढच्या वर्षी नेमणूक चालू राहायची. शतक संपायला आलं होतं. माझे बाबा बँकेत होते. त्यांच्या बदल्यांबरोबर मी चार गावांतल्या चार कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते. घरी मराठी बोलायचो, पण ती जेवणाची आणि पाहुण्यांची मराठी. मोमेंटमला संवेग म्हणतात हे मला जालन्यात कळलं, आणि तेही फळ्यासमोर उभी असताना. आधीच मी कमी बोलायची. शब्द शोधायची वेळ आली की तेवढंही बोलणं बंद व्हायचं.

जुन्या जालन्यात कापडबाजारातल्या एका दुकानाच्या वर मला खोली मिळाली होती. खाली दिवसभर कापडाचे तागे उलगडल्याचे फटाफट आवाज यायचे. तिथून रिक्षानं कॉलेज.

सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, बुटके होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, आणि इतर लोक खिशाला पेन लावतात तिथे त्यांचा थर्मामीटर. तापाचा नव्हे, लॅबमधला लांब. कँटीनचा चहा आला की तो रुमालानं पुसून कपात बुडवायचे आणि आकडा सांगायचे. कँटीनवाला आधी चिडायचा. पुढे तोच लांबून ओरडायला लागला, "सर, आज बासष्ट हाये!" सर तरीही मोजायचे. प्राचार्यांचं भाषण सुरू झालं की स्वतःची नाडी धरून बसायचे आणि भाषण संपल्यावर ते किती ठोक्यांचं झालं हे शेजाऱ्याच्या कानात सांगायचे. वीज गेली की, आणि ती रोज जायची, वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायचे आणि अंधारात आवाजाचं प्रकरण शिकवायचे. "दिसत न्हाई ना? मंग ऐका," म्हणायचे.

त्यांचं स्वतःचं म्हणून एक वाक्य होतं, ते लंबकाच्या प्रयोगाच्या वेळी हमखास यायचं. "पुस्तक पुण्यात छापलंय. लंबक इथं हालून राह्यलाय. कुणाचं ऐकायचं?"

पोरं एका सुरात म्हणायची, "लंबकाचं, सर." आणि मग पुस्तकाचं ऐकायची.

हे जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावरच आहे. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला पहिला प्रयोग साध्या लंबकाचा असतो. दोऱ्याला धातूचा गोळा बांधायचा, दोऱ्याची लांबी मोजायची, गोळा हलवून वीस हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजायचा. त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा निघतो. तो सगळीकडे साधारण नऊशे ऐंशी येतो आणि हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. त्यामुळे मुलं लंबक हलवायची खरी, पण रीडिंग त्यातून घ्यायची नाहीत. नऊशे ऐंशीपासून उलटं गणित करत यायचं, वेळेचा आकडा काढायचा, आणि तो जर्नलमध्ये लिहायचा. याला 'रीडिंग बसवणं' म्हणत. ही चोरी आहे असं कुणालाच वाटत नसे. मोठा भाऊ धाकट्याला शिकवायचा.

सर जर्नल तपासायला बसले की मी बाजूला बसायची. नऊशे ऐंशी. नऊशे एक्क्याऐंशी. नऊशे एकोणऐंशी. परत नऊशे ऐंशी. सर एकही शब्द न बोलता सह्या करत जायचे. पण प्रत्येक सहीच्या आधी त्यांचा पेन जरासा हवेत थांबायचा, आणि चेहरा असा व्हायचा की जणू टपालात कुणाचं तरी पत्र शोधताहेत आणि आजही ते आलेलं नाही.

*

माझी पहिली बॅच होती. प्रयोग करून दाखवायचा होता. मी आदल्या दिवशी वाक्यं पाठ केली होती, निम्मी मराठीत. दोरा बांधला, लाकडी मीटरपट्टीनं लांबी मोजली, हेलकावे मोजले, फळ्यावर गणित मांडलं. उत्तर आलं नऊशे एकसष्ट.

वर्गात कैलास नावाचा एक उंच मुलगा होता. त्याचे वडील एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला होते, आणि तो स्वतः बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. तो म्हणाला, "मॅडम, नऊशे ऐंशी पायजे."

"आय नो," मी म्हणाले. "पण हे आलं."

"मंग जरा बसवून घ्या ना."

मागून आवाज आला, "अरे, बसवायचं म्हंजे काय ते मॅडमला इंग्लिशमधी सांग!"

वर्ग हसला. मी दोरा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा मोजलं. नऊशे साठ. तिसऱ्यांदा केलं, नऊशे एकसष्ट. मी खडूनं फळ्यावर तेच लिहिलं आणि खाली रेघ मारली. यात धाडस काही नव्हतं. दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही, एवढंच.

संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये माझं नाव पडलं होतं. नऊशे एकसष्टवाली मॅडम. मी दारातून आत येताना ते ऐकलं, चहा न घेताच बाहेर पडले.

आठवड्यातच प्राचार्यांनी मला बोलावलं. मुलांनी तोंडी नव्हे, सह्यांचा अर्ज दिला होता. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पंखा माझ्या बाजूला वळवला.

"मॅडम, पोरं म्हणून राह्यलेत, तुमचं बोलणं कळत न्हाई. ते मी समजू शकतो. सवय होते. पण प्रॅक्टिकलच येत न्हाई म्हणतेत, हे अवघड हाये. पहिल्या वर्षाचा लंबक हाये हा. आमच्या काळी..." मग ते थांबले. "दिवाळीपर्यंत बघू. तुमच्या सरांचं पत्र यायला पायजे की तुमचं काम समाधानकारक हाये. त्याच्याशिवाय मला पुढं ठेवता येणार न्हाई."

दिवाळी तीन आठवड्यांवर होती. ही जागा गेली तर मला नागपूरला आईबाबांकडे जायचं होतं. तिथे माझ्यासाठी एक स्थळ सांगून आलं होतं, आणि आईनं त्यांना "ती सध्या नोकरी करते" असं सांगून थांबवलं होतं. नोकरी नसती तर थांबवायला काही कारण नव्हतं. ते लोक चांगलेच होते. पण फिजिक्स तिथे संपलं असतं. मला कशाचीही फार हौस आहे असं मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही ते त्या पंख्याखाली बसल्यावरच कळलं.

*

त्यानंतर मी दुपारी बॅच सुटली की लॅबमध्ये थांबू लागले. माझी चूक मला शोधायची होती. दोरा बदलला. गोळा बदलला. स्टॉपवॉच बदललं. खिडक्या बंद करून वारा बंद केला. हेलकावा लहान ठेवला. लांबी कमी केली, वाढवली. नऊशे एकसष्ट, नऊशे साठ, नऊशे बासष्ट. आकडा जागचा हलत नव्हता. कुणाला विचारावं असं मनात यायचं, पण विचारण्याची पहिली ओळ जुळायची नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी सर दारात उभे होते. हातात भाकरीचा तुकडा होता. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"किती आलं?"

"नऊशे एकसष्ट, सर."

"काल?"

"नऊशे साठ."

"आणि त्या दिवशी वर्गात?"

"एकसष्ट."

"खोडलं काऊन न्हाई मंग? सगळी पोरं हसून राह्यली होती. खोडून नऊशे ऐंशी करायचं. एक मिनिटाचं काम."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रागावले आहेत की काय, कळेना. मी म्हणाले, "पण सर, तसं आलं नाही ना."

सरांनी भाकरीचा तुकडा टेबलावर ठेवला. थर्मामीटर खिशातून काढून पुन्हा खिशात घातला. आणि निघून गेले. भाकरी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजला आले नाहीत. लोक म्हणाले, असं कधी होत नाही. सर ताप असला तरी येतात आणि तो किती आहे ते सांगतात. मी मनाशी ठरवून टाकलं की पत्र लिहायला ते घरी बसले असणार, आणि त्या पत्रात काय असणार तेही.

त्याच्या पुढच्या दिवशी सर आले ते थेट माझ्या बॅचवर. भिंतीवर टांगलेली एक मीटरपट्टी काढून काखेत मारली. "चला," म्हणाले. "सगळे. मॅडम, तुम्ही बी."

"कुठं, सर?" कैलासनं विचारलं.

"कापड घ्यायला."

सगळी बॅच पायी निघाली. सर पुढे, काखेत पट्टी. बाजारात लोक दुकानांतून वाकून बघत होते. जुन्या जालन्यात शिरून सर जिथे थांबले ते माझ्याच खोलीखालचं दुकान होतं. गादीवर शेठ होते, समोर एक बाई साडीच्या फॉलचं कापड बघत बसली होती.

"शेठ, तुमचा मीटर दाखवा," सर म्हणाले.

शेठच्या हातात कापड मोजायचा लोखंडी मीटर होता. तो त्यांनी नकळत मांडीखाली घेतला. दारात एवढा घोळका, पुढे पांढऱ्या शर्टातला खिशात कसलीतरी नळी लावलेला माणूस. शेठचा चेहराच उतरला.

"साहेब, आत्ताच तर तपासणी झाली. शिक्का हाये बराबर. बघा ना. चहा सांगू का?"

"तपासणी न्हाई. मी मास्तर हाये. फक्त शिक्का कुठाय ते पोरांना दाखवा."

शेठनं सुटकेचा श्वास सोडला आणि मीटर पुढे केला. टोकाला वजनमापे खात्याचा शिक्का होता. सरांनी कैलासला तो बोटानं चाचपायला लावला. मग गादीवर लोखंडी मीटर ठेवला, त्याला लागून आमची लाकडी पट्टी ठेवली, आणि एक टोक जुळवून घेतलं.

दुसरं टोक जुळत नव्हतं. आमची पट्टी बोटभर, चांगली दोन सेंटिमीटर पुढे गेली होती.

मग शेठच ओरडले, "अरे बापरे! सर, ह्या मीटरनं कापड विकलं तर मी महिन्यात बुडालो!"

फॉलवाली बाई म्हणाली, "मला ह्याच मीटरनं द्या हो."

सगळा घोळका हसला. सर हसले नाहीत. ते कैलासकडे वळले. "आता बोल. पट्टी लांब असली की दोरा?"

कैलासनं दोन्ही टोकं पुन्हा पाहिली. "आखूड वाटंल."

"दोरा आखूड वाटला की उत्तर?"

"कमी येईल." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "किती कमी, सर?"

"मॅडमला विचार."

मी मनातल्या मनात गणित केलं. मग मी मराठीत म्हणाले, आणि ते वाक्य पाठ केलेलं नव्हतं, "दोन टक्के पट्टी लांब, तर दोन टक्के उत्तर कमी. नऊशे ऐंशीचं नऊशे एकसष्ट."

पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी शेठच्या गादीकडे बघत राहिले.

*

लॅबमधल्या सगळ्या पट्ट्या सरांनी स्वतः केल्या होत्या. सुताराकडून लाकडं तासून घ्यायची आणि वरच्या रेघा टाकाने स्वतः आखायच्या, प्रत्येक सेंटिमीटर केसभर मोठा. काही वजनांच्या पोटात त्यांनी शिसं भरलं होतं. भिंगांवरचे आकडे बदलले होते. कशात किती फरक आहे हे फक्त त्यांना माहीत होतं. कितीतरी वर्षं बॅचमागून बॅच येत होत्या, आणि खोट्या पट्टीवर खरं उत्तर काढून जात होत्या. बाहेरून येणारे परीक्षक त्यांना पैकीच्या पैकी देत होते. प्रत्येकाच्या दप्तरात फूटपट्टी होती. ती आमच्या पट्टीशेजारी ठेवून बघावी असं आजवर एकालाही वाटलं नव्हतं. मलाही नाही.

हे सगळं सरांनी मला परत येताना सांगितलं. पोरं पुढे गेली होती.

मी रागावले होते. दोन आठवडे मला झोप नव्हती. मी म्हणाले, "सर, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"हो."

"माझी नोकरी गेली असती."

"हो. परवा तुम्ही 'तसं आलं नाही' म्हणलात, तेव्हा मला कळलं की हे आता मोडायला पायजे. काल दिवसभर घरी बसून राह्यलो. मंडळी म्हणली, तब्येत बरी न्हाई का? काय सांगू तिला? इतक्या वर्षांचा माझा खेळ. एकदा सांगितला की संपला. हातच उठंना." मग थोडं चालून म्हणाले, "उठला शेवटी."

जरा पुढे गेल्यावर ते पुन्हा बोलायला लागले.

"एक पोरगी आल्ती टेंभुर्णीची. लई वर्षं झाली. साधी पोरगी. ह्याच पट्टीवर तिला नऊशे साठ आलं. मी खिडकीतून बघत होतो. मला वाटलं, आता येईल, विचारील, सर असं काऊन येऊन राह्यलं? मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि खोडलं. नऊशे ऐंशी लिहिलं. अक्षर किती चांगलं होतं तिचं. मला त्या दिवशी जेवण गेलं न्हाई."

"तुम्ही जाऊन तिला सांगायचं ना, सर. तिला वाटलं असेल, तिचंच चुकलं."

सर रस्त्यात थांबले. मागून टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. मी त्यांना बाजूला घेतलं.

"तिला तसं वाटलं असंल," ते म्हणाले. "हे मी कधी धरलंच न्हाई. मी माझंच दुःख धरून बसलो."

*

पुढचं सगळं भराभर झालं. कैलास आणि चारजण प्राचार्यांकडे गेले. मी बाहेर उभी होते. आतून कैलासचा आवाज ऐकू आला, "सर, आमचा अर्ज वापस द्या. मॅडमचं उत्तर खरं हाये. कॉलेजचा मीटर खोटा हाये."

मग सरांना बोलावणं आलं. प्राचार्य एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते.

"तुम्ही कॉलेजची मालमत्ता खोटी करून ठेवली?"

"खोटी न्हाई, सर. लांब."

सरांना लेखी खुलासा द्यावा लागला. उपप्राचार्यपदासाठी त्यांचं नाव चाललं होतं, ते मागे पडलं आणि पुन्हा कधी निघालं नाही. माझ्यासाठी त्यांनी पत्र दिलं. ते मला वाचायला मिळालं नाही. पण दिवाळीनंतर मी परत आले आणि पुढच्या वर्षीही आले.

नवीन पट्ट्या यायला वेळ होता, तोवर जुन्याच वापरायच्या होत्या. पुढच्या आठवड्यात जर्नल्स तपासायला बसलो. पहिल्या मुलाचं उत्तर नऊशे एकसष्ट. दुसऱ्याचं नऊशे एकसष्ट. सगळ्या बॅचचं नऊशे एकसष्ट, एकाचंही साठ किंवा बासष्ट नाही. सर पानं उलटत गेले आणि मग एकदम हसायला लागले. इतके, की खिशातला थर्मामीटर खाली पडून फुटला आणि पारा फरशीभर पळाला. आम्ही दोघं कागदाच्या कपट्यांनी पाऱ्याचे थेंब गोळा करत होतो आणि ते हसतच होते. "आता हे बसवायला लागले! मॅडम, आता हे बसवायला लागले!" सरांसमोर मी मोकळी हसले ती तेव्हा पहिल्यांदा.

नवीन सामानाची पेटी आली तेव्हा सरांनी लॅबची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

"ह्या वेळी मी हात लावणार न्हाई. मला सगळं मालूम असतं, त्यात मजा न्हाई. तुम्ही करा. कशात करायचं, किती करायचं, तुमचं तुम्ही ठरवा. पोरांना सांगा की बिघडवलंय. किती ते सांगू नका. मला बी बिलकुल सांगू नका."

"पण प्राचार्य सर..."

"त्यांचं मी बघतो."

रविवारी मी लॅब उघडली आणि दुपारभर बसले. सोमवारी किल्ली परत दिली. सर म्हणाले, "झालं?" मी मान हलवली.

त्या सोमवारी सरांनी बॅचसमोर स्वतः लंबक बांधला. कैलासच्या हातात स्टॉपवॉच दिलं. मुलं टेबलाभोवती दाटीनं उभी होती. काही तर स्टुलावर चढली होती. सर हेलकावे मोजताना मोठ्यानं मोजत होते. फळ्यावर गणित केलं. नऊशे अठ्ठ्याहत्तर.

सर मागे सरले. "हे तर पुस्तकाच्या लई जवळ आलं."

"मंग बिघडवलं कुठं?" कैलास म्हणाला.

सर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "मॅडमनी दोन ठिकाणी बिघडवलंय! पट्टी एकीकडं, घड्याळ दुसरीकडं. एकानं दुसऱ्याला झाकलंय. बघा रे, ह्याला म्हणतेत डोकं."

पोरं माझ्याकडे आदरानं बघायला लागली. मी फळा पुसला.

त्या वर्षी जर्नलांमध्ये पहिल्यांदा वेगवेगळे आकडे आले. नऊशे एकाहत्तर, नऊशे चौऱ्याऐंशी, एकाचं तर हजाराच्या वर. कुठला आकडा बसवायचा हेच कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे मोजावं लागत होतं. सर एकेक जर्नल बराच वेळ वाचत बसायचे. आणि येता-जाता मला गाठायचे. "वजनात हाये ना?" "गोळ्याच्या व्यासात?" "दोऱ्याला काही लावलंय का तुम्ही?" मी म्हणायची, "सांगणार नाही, सर." ते खूश होऊन जायचे. एकदा तर स्कूटरवरून जाताना थांबून, पाय टेकवून त्यांनी विचारलं, "हवेत तर काही केलं न्हाई ना?"

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. सभागृहात निरोपसमारंभ झाला, भाषणं झाली. प्राचार्यांचं भाषण चालू असताना सरांचा हात मनगटावरच होता. शाल पांघरली, नारळ दिला. मग फोटोसाठी खुर्च्या मांडायची गडबड सुरू झाली आणि सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"मॅडम, आता तर मी चाललो. आता सांगा. कशात होतं?"

मला ते त्या दिवशी सांगायचंच होतं. तरी पहिली ओळ जुळायला वेळ लागला.

"कशातच नाही, सर."

"कशातच न्हाई म्हंजे?"

"मी काहीच बिघडवलं नव्हतं. त्या रविवारी बसले होते कानस घेऊन. मला जमेना. पट्ट्या जशा पेटीतून आल्या तशाच टांगल्या. नुसतं बिघडवलंय म्हणून सांगितलं."

सर माझ्याकडे बघत राहिले. शालीचं एक टोक खांद्यावरून घसरत होतं.

"मंग माझं ते अठ्ठ्याहत्तर..."

"ते तुमचं होतं, सर. तुम्ही मोजलेलं."

ते मागच्या खुर्चीवर बसले. नारळ मांडीवर. इतकी वर्षं त्यांनी लंबक हलवला होता, पण उत्तर काय येणार हे त्यांना दर वेळी आधीच माहीत असायचं, इतरांसारखंच. प्राचार्य हाक मारत होते, फोटोवाला खाणाखुणा करत होता. सर उठेनात.

"मी जर जर्नल आणलं असतं तुमच्याकडं," त्यांनी विचारलं, अगदी पहिल्या वर्षाच्या मुलासारखं, "तर सही केली असती का?"

"केली असती, सर."

"लगेच?"

मी विचार केला. "लगेच नाही. परत एकदा करायला लावलं असतं."

"बघा," सर म्हणाले आणि उठले. "तेच म्हणून राह्यलो. एका वेळचं काय खरं धरायचं?"

फोटो झाल्यावर लोक जेवायला गेले आणि आम्ही दोघं लॅबमध्ये गेलो. सरांनी शाल काढून स्टुलावर टाकली, दोरा बांधला. स्टॉपवॉच मी धरलं. पंगत बसली म्हणून कुणीतरी दोनदा बोलवायला येऊन गेलं. उत्तर नऊशे त्र्याऐंशी आलं. सरांनी ते फळ्यावर लिहिलं, थोडं मागे जाऊन पाहिलं, आणि पुन्हा दोऱ्याला हात घातला.